पोत्यांची मोजदाद

व्हिडिओ गेम हा विषय ह्या पानांवर पाहून कांहीं वाचक भिवया चढवितील, हें आम्ही जाणून आहों. महाविद्यालयांतील प्राध्यापकानें ह्या वयांत असल्या विषयास हात घालावा तो मुलांना दटावण्यासाठींच, अशीही कित्येकांची अपेक्षा असेल. दोघांचीही आम्ही निराशा करणार आहों. सोंगट्या, गंजिफा आणि बुद्धिबळें ह्यांत आमच्या आजोबांनीं रात्रीच्या रात्री घालविल्या. नातवांनीं त्या संगणकापुढें घालविल्या म्हणून आकाश कोसळत नाहीं. आमचें भांडण खेळाशीं नाहीं. तें आहे खेळांत शिरलेल्या एका आकड्याशीं. ह्या आकड्यास मुलें ‘गिअर स्कोअर’ म्हणतात. त्याचें बिऱ्हाड आमच्या दिवाणखान्यांत त्याहूनही जुनें आहे, तें कसें हें शेवटीं सांगूं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा आमच्याकडे राहावयास आला होता. तो जो खेळ खेळतो त्यांत पांच जणांनीं मिळून एका मायावी भुयारांत उतरावयाचें, वाटेंतले राक्षस मारावयाचे आणि तळाशीं बसलेल्या दैत्याचा निःपात करून खजिना मिळवावयाचा, असा क्रम आहे. एक जण पुढें राहून घाव अंगावर घेतो, तिघे मारा करितात आणि पांचवा वैद्याचें काम करून बाकीच्या चौघांस जगवितो. आमचा पुतण्या वैद्य आहे. एका रात्रीं तो संगणकापुढें तोंड पाडून बसलेला दिसला.

“काय रे, काय झालें?”

“मला कोणी घेत नाहीं, काका.”

“कां? तुला खेळतां येत नाहीं काय?”

“येतं कीं. पण गिअर स्कोअर कमी आहे.”

“अरे, पण तूं कसा खेळतोस हें त्यांनीं एकदां पाहिलें तरी काय?”

“तें कोण पाहतं, काका? आकडा पाहतात.”

त्या मुलाच्या आवाजांत तक्रार नव्हती, हें आम्हांस अधिक लागलें. पाऊस पडतो, आकडा पाहतात. दोन्ही त्याच्या लेखीं सृष्टीचे नियमच होते. हा लेख त्या एका वाक्यास उत्तर म्हणून लिहीत आहों.

प्रथम ही मोजणी म्हणजे काय तें पाहूं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा, कागद, पेन्सील व फासे घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक वीराच्या चिलखतास एक आकडा असे. अंगावर कांहींच नसेल तर नऊ. पोलादी चिलखत आणि ढाल असेल तर दोन. आकडा जितका लहान, तितका त्या वीरास घाव लागणें कठीण. हा आकडा प्रामाणिक होता. चिलखत किती वाचवितें एवढेंच तो सांगे. वीर शहाणा कीं मूर्ख, धीराचा कीं पळपुटा, ह्याविषयीं तो मौन पाळी, आणि तें ठरविण्याचें काम टेबलाभोंवतीं बसलेल्या मित्रांकडे सोपवी.

पुढें हेच खेळ संगणकावर आले. २००४ सालीं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ निघाला आणि लक्षावधि अनोळखी माणसें एकाच मायानगरींत वावरूं लागलीं. तेथें प्रत्येक वस्तूस दर्जाचा एक आकडा होता. २००९ च्या सुमारास खेळाडूंमध्येंच एक पुरवणी प्रचारांत आली. शिरस्त्राणापासून पायांतील जोड्यापर्यंत वीराच्या अंगावर जें जें कांहीं असेल त्या सर्वांचे आकडे घेऊन ती त्यांची एक बेरीज करी. तिचेंच नांव ‘गिअर स्कोअर’. थोड्याच दिवसांत खुद्द खेळाच्या कर्त्यांनींही वीराच्या नांवाखालीं सामग्रीचा सरासरी दर्जा छापण्यास आरंभ केला, आणि अमुक आकड्याखालील मनुष्यास मज्जाव, असा पहारा कित्येक भुयारांच्या तोंडाशीं बसविला. आज ह्या जातीच्या अनेक खेळांत नांव निराळें, पण आकडा तोच. टेबलाभोंवतींचे मित्र गेले आणि त्यांच्या जागीं बेरीज आली.

आमचा पहिला आक्षेप असा कीं, ही बेरीज गणित म्हणूनच कच्ची आहे. वीराचें सामर्थ्य दोन गोष्टींवर अवलंबून असतें : तो एका क्षणास किती मारा करितो, आणि किती क्षण टिकतो. त्याच्या हातून होणारी एकंदर कामगिरी ही ह्या दोहोंचा गुणाकार होय. ती बेरीज कधींही नव्हे. एका वीराचा मारा दहा आणि टिकाव दहा आहे असें समजा. दुसऱ्याचा मारा अठरा आणि टिकाव दोन. बेरीज दोघांचीही वीस. गुणाकार मात्र पहिल्याचा शंभर आणि दुसऱ्याचा छत्तीस. जो आकडा ह्या दोघांस सारखे ठरवितो, त्यावर विसंबून भुयारांत उतरणाऱ्यांची काय गति होईल हें सांगावयास नको. आमच्या पुतण्यानें हें उदाहरण कागदावर मांडून पाहिलें व तो हंसला. “काका, हें सगळ्यांना ठाऊक आहे,” तो म्हणाला. ठाऊक असूनही चालूं ठेवणें हाच तर ह्या रोगाचा विशेष आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, वस्तूचा हा दर्जा ती वस्तु काय करिते ह्यापेक्षां ती कोठून मिळाली हें अधिक सांगतो. भुयार जितकें अवघड, तितका तेथील वस्तूवरील आकडा मोठा. हा कुळाचा दाखला झाला, गुणाचा नव्हे. मंत्रविद्येच्या साधकाचा झगा उंच दर्जाचा असला म्हणून तो तलवारबहाद्दरानें अंगांत घालावा काय? घातल्यास बेरीज वाढेल आणि बाहुबळ घटेल. कित्येक वस्तु अशा असतात कीं त्यांचा संच अंगावर असेल तरच त्या एक विशेष शक्ति देतात. त्यांतली एक काढून तिच्या जागीं मोठ्या आकड्याची परकी वस्तु चढविली कीं संच मोडतो. आकडा वर जातो आणि वीर खालीं येतो. चांगला खेळाडू अशा वेळीं लहान आकड्याची वस्तु जाणूनबुजून राखतो, व त्याच शहाणपणाबद्दल त्याला दारावर अडवितात.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे. सामग्री बिनचूक मोजली, तरी ती धरणारा हात कसा मोजणार? महाभारताच्या मौसलपर्वांत अर्जुन द्वारकेंतील स्त्रियांस घेऊन निघतो आणि वाटेंत आभीर दरोडेखोर त्याला गांठतात. हातांत तेंच गांडीव असतें. परंतु श्रीकृष्ण गेलेला असतो, अस्त्रें आठवत नाहींत, आणि काठ्या घेऊन आलेल्या लुटारूंपुढें भारतीय युद्धाचा जेता हतबल होतो. त्या दिवशीं अर्जुनाचा गिअर स्कोअर कुरुक्षेत्रावरील दिवसाहून फारसा कमी भरला नसता. ह्याच्या उलट उद्योगपर्वांतील तो प्रसंग पाहा. एका बाजूस नारायणी सेना, दुसऱ्या बाजूस शस्त्र न धरण्याची अट घातलेला एकटा श्रीकृष्ण. निवडीचा पहिला मान अर्जुनास मिळाला आणि त्यानें निःशस्त्र कृष्ण मागितला. सेना आपल्या वांट्यास आली म्हणून दुर्योधन आनंदानें परत गेला. आज भुयाराच्या दारावर बसून आकडे तपासणाऱ्या मंडळींचा मूळपुरुष आम्हांस त्या आनंदी दुर्योधनांत दिसतो.

कोणी म्हणेल कीं पुराणांतलीं वांगीं पुराणांत. ठीक आहे, इतिहासाकडे येऊं. त्यासाठीं आम्हां छत्रपती संभाजीनगरच्या लोकांस फार लांब जावयास नको. शहरापासून घटकाभराच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. त्याची ती ताशीव कडा, तो खंदक, आणि भर दुपारीं मशाल लागावी अशी ती अंधारी वाट पाहून पुतण्या म्हणाला होता, “हा तर खराच डंजन आहे!” खरें आहे. ह्या किल्ल्याचीं बरीच बांधकामें मागाहून आलेल्या राजवटींचीं आहेत. परंतु डोंगर तोच आहे, आणि तो आकड्यांत मोजावयाचा झाल्यास हिंदुस्थानांत त्याच्यावर ताण करणारे किल्ले थोडेच निघतील.

१२९६ सालीं कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी कांहीं हजार स्वार घेऊन अचानक देवगिरीवर आला. राजा रामदेवरायाचें मुख्य सैन्य पुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेलें होतें. राजानें किल्ल्याचा आश्रय घेतला. पुढें शंकरदेव परतला, त्यानें झुंज दिली आणि तो जिंकण्याच्या बेतांत असतां, वेढ्यावर मागें ठेवलेली शत्रूची हजारभर स्वारांची तुकडी रणांत आली. तिची धूळ पाहून दिल्लीची मोठी फौज आली असा समज झाला आणि यादवांचें सैन्य फुटलें. तरीही किल्ला अभंग होता. सुमारें तीनशें वर्षांनंतर लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता पुढची हकीकत देतो : किल्ल्यांत धान्य म्हणून घाईघाईनें जीं पोतीं भरून ठेविलीं होतीं, तीं उघडून पाहतां त्यांत मीठ निघालें. राजास शरण जाणें भाग पडलें.

वाचकहो, ही पोतीं विसरूं नका. पोतीं मोजलीं गेलीं होतीं. त्यांची संख्या पुरेशी होती. हिशोबाच्या वहींत चूक नव्हती. फक्त पोत्याचें तोंड सोडून आंत हात घालण्याचा त्रास कोणीं घेतला नव्हता. गिअर स्कोअर म्हणजे पोत्यांची मोजदाद होय. आंत गहूं आहे कीं मीठ, हें त्याला ठाऊक नसतें. आणि तें कळण्याची वेळ बहुधा वेढा पडल्यावरच येते.

ह्याच मुलखांतला उलट दाखलाही आहे. आमचें शहर १६१० सालीं खडकी ह्या नांवानें ज्यानें वसविलें, तो मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी होता. दिल्लीच्या बादशाहीपुढें त्याची सामग्री ती काय! तोफा, हत्ती, खजिना, कोणत्याही रकान्यांत त्याचा आकडा मोंगलांच्या पासंगास पुरला नसता. परंतु हलके घोडे, माहितीचा मुलूख आणि शत्रूची रसद तोडण्याची हातोटी ह्यांच्या बळावर त्यानें मोंगलांस वर्षानुवर्षें दक्षिणेंत झुलविलें. १६२४ सालीं अहमदनगरजवळ भातवडी येथें मोंगल आणि विजापूर ह्यांच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या. अंबरानें तलावाचें पाणी सोडून त्यांची वाट चिखलांत घातली, रसद मारली, छापे घातले आणि अखेरीस त्यांचा मोड केला. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूस होते. १६२६ सालीं अंबर वारला. अवघ्या सात वर्षांनीं, १६३३ सालीं, त्याच्या मुलाच्या हातून तोच दौलताबादचा किल्ला मोंगलांकडे गेला. तट तेच, खंदक तोच. पुन्हा एकदां उपासमारीनेंच घात केला. सामग्री मागें राहिली होती. ती चालविणारें डोकें गेलें होतें.

आतां प्रतिपक्षाची बाजू ऐकूं. ती अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात : “आम्ही एकमेकांस ओळखत नाहीं. अर्ध्या तासाच्या खेळासाठीं प्रत्येकाची परीक्षा घेत कोण बसणार? आकडा अपुरा असेल, पण तो झटपट मिळतो. आणि अगदीं उघड्या अंगानें भुयारांत येणाऱ्यास वगळण्याचा हक्क आम्हांस असावा कीं नाहीं?” असावा. किमान सामग्री पाहण्यास आमची हरकत नाहीं. वारीस निघणाऱ्याच्या पायांत वहाणा आहेत कीं नाहींत हें जरूर पाहावें. परंतु वहाणांच्या किमतीवरून भक्ति ठरवूं नये. आमची हरकत आहे ती उंबरठ्यास शिखर समजण्याला.

आणि अनोळखी माणसांस पारखण्याची रीत आमच्याकडे नव्हती असें थोडेंच आहे! गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांचा फड आठवा. दहा गांवांचे मल्ल येतात. कोणी कोणास ओळखत नाहीं. पंच मल्लाची अंगलट पाहतात. तालीम कोणती, वस्ताद कोण, मागें कोणाशीं लढलास, असें विचारतात, आणि जोड लावतात. जोड चुकली तर फडांतले लोकच ओरड करितात. ही पारखही चुकते. परंतु ती मनुष्याकडे पाहून चुकते, लंगोटाचा भाव विचारून नव्हे. भुयारी खेळांतही पुढें कांहीं ठिकाणीं वीरानें पूर्वी कोणकोणत्या मोहिमा तडीस नेल्या ह्यावरून गुण देण्याची पद्धत निघाली. ती आम्ही अधिक बरी समजतों. तीही एक दिवस पोत्यांच्या वाटेनें जाईल. पण निदान तिनें ‘तुझ्याजवळ काय आहे’ हा प्रश्न सोडून ‘तूं काय केलेंस’ हा प्रश्न विचारला.

सर्वांत मोठी हानि मात्र निराळीच आहे. आकडा दारावर बसला कीं लोक आकडाच कमावूं लागतात. एके काळीं त्या प्रसिद्ध खेळांत थैलींत पडून असलेली वस्तुही हिशोबांत धरली जाई. म्हणून खेळाडू आपसांतील द्वंद्वासाठीं केलेली, भुयारांत फारशी उपयोगी नसलेली सामग्री केवळ सरासरी वाढविण्यासाठीं जवळ बाळगीत. हीं शुद्ध मिठाचीं पोतीं! फरक इतकाच कीं देवगिरीवर तीं अजाणतां भरलीं गेलीं आणि येथें जाणून. आमच्या पुतण्यानेंही तेंच केलें. सुटीचे उरलेले दिवस त्यानें आकडा भरण्यांत घालविले. कोणाच्या जखमेवर केव्हां हात ठेवावा, शक्ति कोठें राखून ठेवावी, ह्या आपल्या खऱ्या विद्येची एकही उजळणी त्या दिवसांत झाली नाहीं. शेवटीं आकडा भरला, पथकांत प्रवेश मिळाला. आम्ही कौतुकानें पाठीमागें खुर्ची घेऊन बसलों. पथक दुसऱ्या दालनांत ठार झालें. “काय झालें रे?” आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “जमिनीवर आग पेटली कीं बाजूला व्हायचं असतं. सगळ्यांचा स्कोअर भरपूर होता. बाजूला कोणीच झालं नाहीं.”

येथवर आमच्या वयाचे वाचक मान डोलावीत आले असतील. म्हणूनच आतां त्या दिवाणखान्यांतल्या बिऱ्हाडाकडे वळतों. पोरांनीं ही विद्या कोठून आणली? मुलीसाठीं स्थळ आलें म्हणजे आम्ही काय विचारतों? पगाराचें पॅकेज किती, सदनिका स्वतःची आहे काय, गाडी कोणती. शिरस्त्राण, चिलखत, जोडे. खालीं रेघ ओढून बेरीज! मुलगा रागावला तर कसा वागतो, घरांत कोणी आजारी पडलें तर उठून पाणी देतो काय, हें विचारण्याची आम्हांस लाज वाटते. आकडा विचारण्याची वाटत नाहीं.

आणि दुसऱ्यांचें काय म्हणून सांगावें? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या कामास ‘एपीआय’ नांवाचे गुण लावले : निबंधास इतके, परिषदेस इतके. त्यानंतर कांहीं वर्षांनीं एका महाविद्यालयाच्या निवड-समितीवर आम्ही बसलों होतों. दोन उमेदवारांत निवड होती. एकाच्या फाइलींचा गठ्ठा दोन हातांत मावत नव्हता. दुसऱ्याजवळ फारसें कांहीं नव्हतें. परंतु त्यानें आमच्यापुढें पंधरा मिनिटें जो पाठ शिकविला, तो ऐकतांना आम्ही, तीस वर्षें तोच विषय शिकविणारे, तो विषय नव्यानें शिकलों. आम्हीं बेरीज केली. बेरजेप्रमाणें सही केली. मनांत म्हणालों, नियम आहे, इलाज काय! त्या गठ्ठ्यांतला एकही निबंध आम्हीं उघडून वाचला नव्हता. पोत्यांत गहूं होता कीं मीठ, हें आजही आम्हांस सांगतां येणार नाहीं. कारण आम्हीं हात घातला नाहीं.

असो. पुतण्या गांवीं परत जाण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं त्याला एक सूचना केली. त्यानें स्वतःचें पथक जमवावें आणि दारावर आकडा न विचारतां प्रत्येकास एक छोटें भुयार बरोबर खेळून दाखविण्यास सांगावें. “वेळ जाईल, काका,” तो म्हणाला. आम्हीं म्हटलें, जाईल. देवगिरीवर तेवढाच वेळ कोणीं काढला असता तर बरें झालें असतें. त्यानें तें मनावर घेतलें. त्याच्या पथकांत आज एक जण असा आहे कीं ज्याला दहा ठिकाणीं आकड्यावरून नाकारलें होतें. आग पेटली कीं सर्वांत आधीं ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडतो तो हाच, असें पुतण्या फोनवर सांगतो. पथक अजूनही पुष्कळदां हरतें. आम्हीही पुढल्या निवड-समितीवर बोलावणें आलें तर फाइल उघडून आंतला एक तरी निबंध वाचल्यावांचून सही करणार नाहीं, असें त्या मुलाजवळ कबूल केलें आहे. आणि कबूल केलेलें मोडूं नये म्हणूनच तें येथें छापून ठेवीत आहों.